यशवंतराव चंद्रचूड : दोन निकालांमधले अंतर

न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. एवढा मोठा कार्यकाळ आजवर दुसऱ्या कुणालाही लाभलेला नाही. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून पुढे आलेल्या या न्यायाधीशाविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. आणीबाणीत त्यांनी कच खाल्ली, हे एक. नंतरच्या निकालांनी त्यांनी ते पाप धुऊन काढले, हे दुसरे. त्यांचे निकाल एकापुढे एक ठेवून वाचले, तर यातले एकही मत टिकत नाही.

२८ एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांना हेबियस कॉर्पसची दाद नाकारली. नऊ उच्च न्यायालयांचा कौल याच्या उलट होता. चंद्रचूड बहुमतात होते, न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात. पण जेमतेम सहा महिने आधी, ७ नोव्हेंबर १९७५ ला, याच आणीबाणीत, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी घटनादुरुस्तीतली तरतूद रद्द करणाऱ्यांतही ते होते. इंदिरा गांधींची निवड कायम राहिली, तेव्हा त्यात धाडस कसले, असे कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. तरी सरकारनेच घटनेत घातलेले कलम खोडणे हे निव्वळ घाबरलेल्या माणसाचे काम नव्हे. जबलपूरच्या निकालपत्रात मला भीतीपेक्षा शब्दाला घट्ट बांधून घेतलेली बुद्धी दिसते: राष्ट्रपतींच्या आदेशाने कोर्टाचे दार बंद झाले, म्हणजे आतल्या माणसाचे काय होते हे विचारायचेच नाही. स्थानबद्धांचा छळ होणार नाही, अशी आशा तेवढी त्यांनी लिहून ठेवली. ज्याची दाद मागण्याची वाटच बंद केली, त्याच्या हाती न्यायाधीशाने आशा ठेवावी, हे मला अक्षम्य वाटते.

मग १९८० साली अटकपूर्व जामिनावरच्या अनावश्यक अटी त्यांनी काढून टाकल्या, आणि मिनर्व्हा मिल्स खटल्यात संसदेच्या अमर्याद घटनादुरुस्तीला लगाम घातला. पण खरी कसोटी मुंबईच्या फुटपाथवर लागली. १९८१ च्या भर पावसात झोपड्या पाडून माणसांना गावी पाठवण्याचा बेत राज्य सरकारने केला होता. निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १० जुलै १९८५ ला, चंद्रचूड यांनी ऑल्गा टेलिस खटल्यात सांगितले की उपजीविका हिरावणे म्हणजे जगण्याचा हक्क हिरावणे. जागेवरून हलवण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे, असेही ठरले. तरीही नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याची मुभा देणारे महापालिका कायद्यातले कलम कायम राहिले, आणि फुटपाथवाल्यांना तातडीने मिळाले ते एवढेच, की ३१ ऑक्टोबरपर्यंत त्यांना हलवू नये. पर्यायी जागा देणे ही सरसकट पूर्वअट झाली नाही. म्हणून याला कुणी पापक्षालन म्हणू नये. ज्याचे १९७६ मध्ये ऐकायचेच नाही असे ठरले होते, तशाच दुबळ्या माणसाचे आता ऐकून घ्यायला न्यायालय तयार झाले. हातात काय द्यायचे याबाबत ते जपूनच राहिले. हा बदल खरा आहे आणि मोलाचाही आहे, पण आणीबाणीत गजाआड राहिलेल्यांच्या हिशेबात तो जमा धरता येत नाही.

जबलपूरचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चुकीचा ठरवून रद्द केला. तसे नमूद करणारे मुख्य निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले आहे.