'व्हर्लपूल': पत्र्याच्या खोलीतून उमटणारा रंग

प्रस्तावना :
मुद्राचित्र म्हणजे मूळ चित्राची छापील प्रत, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. अम्लरेखनाच्या बाबतीत तो सर्वस्वी चुकीचा आहे. येथे कागदाव्यतिरिक्त अन्यत्र कोणतेही 'मूळ चित्र' नसते. कृष्णा रेड्डी (१९२५-२०१८) यांचे 'व्हर्लपूल' (१९६३) हे अमूर्त मुद्राचित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पार्श्वभूमी :
आंध्र प्रदेशात जन्मलेल्या रेड्डी यांचे शिक्षण शांतिनिकेतन व लंडन येथे झाले. पुढे पॅरिस येथे स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या 'आतलिए १७' या कार्यशाळेत ते दाखल झाले. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले कायको मोती हेही तेथेच काम करीत. एकाच पत्र्यावरून अनेक रंग छापण्याचे तंत्र या कार्यशाळेत विकसित झाले.

तंत्र :
जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने व हत्यारांनी निरनिराळ्या खोलीचे थर कोरले जातात. मऊ लेपावर विणलेले कापड दाबून पत्रा अम्लात बुडविल्यास कापडाची वीणही धातूवर उमटते. भिवंडीच्या यंत्रमागावरील कापडाचा तुकडा यासाठी चालू शकेल. प्रथम खोल रेषांत शाई भरून पृष्ठभाग पुसला जातो. नंतर कठीण रूळ पातळ शाई केवळ उंच भागांवर लावतो, तर मऊ रूळ दाट शाई खोलगट भागांपर्यंत पोहोचवितो. पातळ शाईच्या थरावर दाट शाई धरत नाही. त्यामुळे रंग परस्परांत न मिसळता एकाच दाबात कागदावर उतरतात. श्यानतेतील फरक हाच या तंत्राचा आधार होय.

अमूर्ततेचा अर्थ :
'व्हर्लपूल'मध्ये केंद्राभोवती फिरणाऱ्या रेषांचे जाळे आहे. त्यात पाण्याचे हुबेहूब दृश्य नाही. आहे ती पाण्याची गती. रेड्डी मूळचे शिल्पकार असल्याने पत्रा त्यांच्या दृष्टीने उठावशिल्पच होता. येथे रंग कुंचल्याने भरलेला नसून खोलीनुसार ठरलेला आहे; म्हणून आशय व तंत्र वेगळे करता येत नाहीत.

निष्कर्ष :
न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६-१७ मध्ये हेटर, रेड्डी व झरीना हाश्मी यांच्या कार्याचे प्रदर्शन भरविले होते. अशा कृतींसमोर 'यात काय दाखविले आहे?' या प्रश्नाआधी 'हे कसे घडले?' असे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आवश्यक आहे. त्या उत्तरात रसायन, भौतिकी व कला एकत्र येतात. आणि 'छापील' हा शब्द दुय्यमतेचा निदर्शक उरत नाही.