नाण्यांतील चांदी (लेखांक ५) : डॉलरचे वजन आणि त्याचा कस

जुन्या अमेरिकी नाण्यांवर ‘९० टक्के चांदी’ असा शेरा सर्रास मारला जातो. परंतु तो केवळ कसाविषयी, म्हणजे नाण्याच्या धातूतील शुद्ध चांदीच्या प्रमाणाविषयी सांगतो, आणि वजन ठाऊक नसेल तर त्यावरून चांदी किती हे कळत नाही. १७९२ च्या कायद्याने रौप्य डॉलरचे वजन ४१६ ग्रेन ठरवले व त्यात ३७१.२५ ग्रेन, म्हणजे सुमारे २४.०६ ग्रॅम, शुद्ध चांदी असावी असे नेमले. उरलेले हीण तांब्याचे होते. यातून निघणारा ८९.२४ टक्के हा कस टांकसाळीला गैरसोयीचा असल्याने १८३७ मध्ये चांदीला हात न लावता साडेतीन ग्रेन तांबे तेवढे कमी करण्यात आले, त्यामुळे वजन ४१२.५ ग्रेनांवर आले आणि कस बरोबर ९० टक्के झाला. नाणे हलके झाले, पण धारकाचे काहीच बुडाले नाही.

१८५३ मध्ये मात्र बुडाले, आणि तेही जाणूनबुजून. कॅलिफोर्नियातील सोन्यामुळे सोने स्वस्त व त्या मानाने चांदी महाग झाल्यावर नाण्यांतील चांदी त्यांच्या दर्शनी किमतीपेक्षा जास्त मोलाची ठरू लागली, आणि चिल्लर वितळवली जाऊन किंवा परदेशी जाऊन बाजारातून नाहीशी होऊ लागली. यावर उपाय म्हणून काँग्रेसने अर्ध्या डॉलरचे वजन २०६.२५ वरून १९२ ग्रेनांवर आणले, पाव डॉलर व डाइम त्याच प्रमाणात हलके केले, आणि नवी नाणी ओळखू यावीत म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना बाणाची खूण घातली. रौप्य डॉलर तेवढा जुन्याच वजनाचा राहिला. १८७३ मध्ये अर्धा डॉलर साडेबारा ग्रॅमचा झाला, तेव्हापासून एका डॉलरच्या चिल्लरीत २२.५ ग्रॅम चांदी असे, म्हणजे कस तोच असूनही अखंड डॉलरपेक्षा सुमारे दीड ग्रॅम कमी.

३७१.२५ ग्रेनांच्या या आकड्याचा हिंदुस्थानशीही संबंध आला. येथील रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, असून त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे; म्हणून घट सोडली तर एका डॉलरच्या चांदीतून नेमके सव्वादोन रुपये पडतात. पहिल्या महायुद्धात येथे रुपयांची मागणी अतोनात वाढली, आणि नोटांच्या बदल्यात रुपये देणे सरकारला कठीण जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये आपल्या खजिन्यातील सुमारे २७ कोटी रौप्य डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या गरजेसाठी ब्रिटनला विकली. ‘मॉर्गन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रौप्य डॉलरच्या काही सालांची नाणी आज संख्येने विरळ असण्यामागे हीच भट्टी आहे. टांकसाळीच्या नोंदींत दिसणारा उत्पादनाचा आकडा त्यामुळे संग्राहकाला फसवतो, कारण पाडलेली नाणी आणि उरलेली नाणी यांत मोठी तफावत पडली, आणि कोणत्या सालचे किती डॉलर वितळवले याचा हिशेब ठेवला गेला नाही. त्याच कायद्याने तितकेच डॉलर पुन्हा पाडण्याचे बंधनही घातले होते, म्हणून १९०४ नंतर थांबलेले हे काम १९२१ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि त्याच वर्षाअखेरीस मॉर्गनच्या जागी पीस डॉलर आला, तोही ४१२.५ ग्रेनांचाच.