‘खारीचा वाटा’ : एक पुस्तक आणि तिळारीच्या पाण्याची दोन टोकं

ल. म. कडू यांच्या ‘खारीचा वाटा’ या कादंबरीला २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुस्तक छोटं आहे. धरण होणार म्हणून डोंगरातलं एक गाव उठतं, आणि ते उठणं एका मुलाच्या नजरेतून आपल्याला दिसतं. विषय एवढाच. पण पेडणे, डिचोली आणि पलीकडे दोडामार्ग ह्या पट्ट्यात हे पुस्तक वाचायला दिलं, की माणसं पुस्तकावर कमी आणि नळाच्या पाण्यावर जास्त बोलायला लागतात. असं का होतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझ्याकडे एकच प्रत आहे. दोन पावसाळे ती घरोघरी फिरतेय. आधी पेडण्यात, मग डिचोलीत, मग हद्द ओलांडून दोडामार्गात. मुलांनी वाचली, काही आयांनी वाचली, एका निवृत्त मास्तरांनी तर दोनदा वाचली. मी काही सर्वेक्षण वगैरे केलेलं नाही. प्रत परत घ्यायला गेल्यावर चहा पिता पिता जे कानावर पडलं, तेवढंच इथे मांडतोय.

पुरस्कार कसला, ते आधी

बरेच जण साहित्य अकादमी म्हटलं की मोठ्यांच्या पुस्तकांचाच पुरस्कार धरतात. मुलांच्या पुस्तकांसाठी अकादमीने २०१० पासून वेगळा पुरस्कार सुरू केला. अकादमी २४ भाषांना मान्यता देते, त्या प्रत्येक भाषेत वर्षाला एक. ५० हजार रुपये आणि ताम्रफलक. मराठीत माधुरी पुरंदरे, राजीव तांबे, रत्नाकर मतकरी यांना तो एखाद्या पुस्तकासाठी नाही, तर एकूण कामासाठी मिळाला. म्हणून एका कादंबरीला मिळतो तेव्हा ती कादंबरी शोधून वाचावी, असं मला वाटतं.

गोव्यातल्या वाचकाला इथे एक जास्तीचा फायदा आहे, जो कुणी फारसा मोजत नाही. कोंकणीचा पुरस्कार वेगळा असतो. २०२२ साली मराठीत संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला मिळाला, त्याच वर्षी कोंकणीत ज्योती कुंकळकार यांच्या ‘मयुरी’ला. घरात कोंकणी, शाळेत मराठी अशी पेडणे-डिचोलीतली कितीतरी पोरं दोन्ही पुस्तकं मूळ भाषेत वाचू शकतात. पुण्याच्या पोराला हे जमणार नाही. आपण मात्र भाषावादात दोन्हीकडून हमरीतुमरीवर येतो आणि पोराच्या हातात दोन्हींतलं एकही पुस्तक देत नाही. असो, तो विषय वेगळा.

मुलं काय म्हणाली

पहिली तक्रार भाषेची. ‘खारीचा वाटा’तलं गाव घाटावरचं. तिथली झाडं, तिथली बोली, घरातले शब्द आपल्याकडच्या मुलांना अडतात. पेडण्यातल्या सातवीतल्या एका मुलीने अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारून प्रत परत दिली. आई तिला ओरडली, मी म्हटलं राहू देत. पुढच्या वाचणाऱ्याला त्या रेघांचा उपयोगच झाला. काही शब्दांपुढे कुणीतरी आपला शब्द लिहिला, त्याच्यावर आणखी कुणीतरी फुली मारून दुसरा लिहिला. समासात पेडणे आणि दोडामार्ग यांचं छोटंसं भांडण जमलंय.

दुसरं मत मोठ्यांचं जास्त होतं: इतकं दुःख मुलांना कशाला द्यायचं? डिचोलीतल्या एका पालकांनी हे स्पष्टच सांगितलं. मुलांचं पुस्तक हसरं असावं, शेवटी सगळं नीट व्हावं. मला हे पटत नाही, पण त्यांचं म्हणणं उडवूनही लावता येत नाही. त्यांचा मुलगा वाचून दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने आजीला विचारलं, आपलं घर खाणीच्या हद्दीत आहे का? हा प्रश्न डिचोलीतल्या मुलाला पुस्तकाने शिकवला असं म्हणणं चूक ठरेल. शिरगाव, मुळगाव, लामगाव, पिळगाव ह्या गावांत खाणपट्ट्यातून घरं, देवळं, शेती वगळा ही मागणी मोठी माणसं त्याच्यासमोरच करत असतात. त्याने ते ऐकलेलं होतं. विचारायला निमित्त मिळालं, एवढंच.

पेडण्यात मुलांना धरण नाही आठवलं, विमानतळ आठवला. मोपाच्या पठारासाठी मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे ह्या गावांची जमीन गेली. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. वर्गातल्या मुलांमध्ये कुणाची काजूची बाग गेली, कुणाच्या भावाला तिथे नोकरी लागली, कुणाचं दोन्ही झालं. त्यामुळे तिथलं मत एका बाजूने झुकत नाही. एक मुलगा म्हणाला, “पण धरण व्हायलाच हवं ना? नायतर पाणी खंयसून येतलं?” प्रश्न खरा आहे, आणि त्याच्याच घरच्या नळाशी जाऊन पोचतो.

पाणी कुठून येतं

तिळारी नदी सह्याद्रीत उगम पावते, दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात उतरते आणि पुढे शापोरा होऊन समुद्राला मिळते. तिच्यावरचा तिळारी प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त. १९९० साली दोन्ही राज्यांत करार झाला. खर्च आणि पाणी यांत गोव्याचा वाटा ७३.३० टक्के, महाराष्ट्राचा २६.७० टक्के. धरण महाराष्ट्रात, पाण्याचा मोठा हिस्सा गोव्यात. कालवे डिचोली, पेडणे, बार्देश ह्या तालुक्यांत फिरतात. पेडण्याच्या चांदेल प्रकल्पाला आणि बार्देशाच्या अस्नोडा प्रकल्पाला ह्याच कालव्याचा आधार. दोडामार्गात कुठे कालवा फुटला, की म्हापशापर्यंत नळ सुकतात, टँकर धावतात आणि मग आमठाणे धरणातून पाणी ओढून वेळ मारून न्यावी लागते. ही बातमी इतक्यांदा आलीय की आता वाचकही मथळा बघून पुढे सरकतो.

कालवा फुटल्याची बातमी होते. पण कालव्याच्या वरच्या टोकाला जी गावं पाण्याखाली गेली, त्यांची नावं खालच्या टोकाला किती जणांना ठाऊक आहेत? आयनोडे, सरगवे, पाटये, शिरंगे, केंद्रे. डिचोलीत मी पाच-सहा जणांना विचारलं. एकाने शिरंगे ओळखलं, कारण त्याच्या मावशीचं सासर तिथलं.

ह्या गावांतली माणसं दोडामार्ग तालुक्यातच नव्या वसाहतींत गेली. घरटी एक सरकारी नोकरी ही त्यांची मागणी होती. तिच्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे, उपोषणं झाली, दोन्ही सरकारांच्या दारात खेटे झाले. शेवटी नोकरीऐवजी एकरकमी पैसे असा तोडगा निघाला. ज्यांचं वय तोपर्यंत नोकरीचं राहिलंच नव्हतं, त्यांना त्याचं काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

दोडामार्गातलं वाचन

प्रत अशाच एका वसाहतीतल्या घरी गेली. तिथे मुलाने वाचायच्या आधी आजोबांनी वाचली. त्यांचं मत ऐकायला मी जरा बिचकतच गेलो होतो. ते पुस्तकावर एकच वाक्य बोलले: “नाव बरोबर नाय.”

मी विचारलं, का? त्यांनी समजावलं ते असं. रामाने सेतू बांधला तेव्हा खार आपणहून आली, अंगाला वाळू लावून नेली. तिने दिलं ते थोडं, पण मनाने दिलं, आणि रामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्याकडून घेतलं ते थोडं नव्हतं, आम्ही आपणहून आलो नव्हतो, आणि पाठीवरून हात कोणी फिरवला? मग खार कोण?

मला वाटतं, कादंबरीवरचं सगळ्यात नेमकं मत हेच. ‘खारीचा वाटा’ हा वाक्प्रचार आपण नम्रतेने वापरतो. सत्काराला उत्तर देताना, देणगीची पावती घेताना. तोच वाक्प्रचार घर गमावलेल्या मुलाच्या गोष्टीवर ठेवला की टोचायला लागतो. मला ते टोचणं पुस्तकाचं बळ वाटतं, आजोबांना ती चूक वाटली. ह्यावर आमचं एकमत झालं नाही.

त्यांच्या नातवाचं मत अगदीच वेगळं. तो नव्या वसाहतीत जन्मला. जुनं गाव त्याने पाहिलंच नाही, पाहिलं ते पाणी. त्याला कादंबरीतला मुलगा नशीबवान वाटला, कारण त्या मुलाने आपलं गाव डोळ्यांनी तरी पाहिलं. हे असं वाचन माझ्या डोक्यात कधी आलं नसतं.

ही गोष्ट नवी नाही, पण

धरणात गेलेल्या गावांवर मराठीत मोठ्यांसाठी लिहिलं गेलंय. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो ह्याच विषयावरच्या कादंबरीला. त्याच्याही आधी, १९२१ साली, मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पानशेत म्हटलं की मात्र सगळ्यांना १२ जुलै १९६१ आठवतो, धरण फुटलं आणि पुणं बुडालं तो दिवस. त्या धरणासाठी वरची गावं आधीच बुडाली होती, हे क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतं. बुडालेलं शहर लक्षात राहतं.

गोव्यात एक गाव मात्र दरवर्षी स्वतःची आठवण करून देतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली धरणासाठी १९८०च्या दशकात सहाशेच्या वर कुटुंबं तिथून हलवली. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जोती, वाटा, झाडांचे बुंधे वर येतात, आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. डिचोलीतल्या त्या निवृत्त मास्तरांनी कादंबरी दुसऱ्यांदा वाचली ती कुर्डीला जाऊन आल्यावर. ते म्हणाले, पहिल्यांदा मी ती मुलांसाठी कशी आहे ते तपासत होतो, दुसऱ्यांदा वाचली.

त्यांनीच एक व्यवहारी गोष्ट सुचवली. ही कादंबरी शाळेत ‘अवांतर वाचन’ म्हणून द्यायची आणि वर प्रश्नोत्तरं लिहायला लावायची, हे करू नका. वर्गात रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा. अडलेला शब्द आला तर मुलांनाच विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणतात. साधारण पाचवीच्या पुढच्या मुलांना झेपते. त्याहून लहानांना घरातल्या कुणीतरी सोबत बसून वाचावी. पुस्तक जवळच्या दुकानात नसेल तर मागवून घ्यावं लागतं, म्हणून वाचनालयाच्या खरेदीच्या यादीत आधीच नाव घातलेलं बरं.

प्रत आता पुन्हा दोडामार्गात आहे. जाताना तिच्यात एक चिठ्ठी गेली. चांदेलच्या जवळच्या एका सहावीतल्या मुलीने घातलेली. आमच्या घरी पाणी सकाळी येतं, असं तिने आधी लिहिलंय. मग खाली प्रश्न: तुमच्या नव्या घरी नळ कधी आला, आमच्या आधी की नंतर? उत्तर लिहायला तिने अर्धं पान कोरं सोडलंय.