पुस्तकात नसलेला स्नायू

आरशासमोर उभे राहा आणि मान पूर्ण उजवीकडे वळवा. डाव्या बाजूला, कानामागून छातीच्या मधोमध उतरणारी जाड दोरी टरारून वर आली ना? तिचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. एका दमात म्हणता आलं, तर तुम्ही नक्की मेडिकलचे! खाली येताना या स्नायूचे दोन फाटे होतात. एक छातीच्या हाडाला चिकटतो, दुसरा कॉलर बोनला. दोघांच्या मध्ये हलकंसं बोट लावलं की खोलगट त्रिकोण लागतो.

नाही लागला? टेन्शन घेऊ नका. काहींचा कॉलर बोनकडचा फाटा फारच रुंद असतो, काहींना चक्क जादा फाटा असतो. मग हा त्रिकोण अरुंद होतो किंवा बुजतो.

तुम्हाला यानं काही फरक पडत नाही. डॉक्टरांना मात्र पडतो. आयसीयूमध्ये मानेतून सेंट्रल लाइन घालताना हाच त्रिकोण खुणेचा. त्याच्याखाली मोठी ज्युग्युलर व्हेन असते आणि तिला खेटून मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी. खूणच जागेवर नसेल, तर सुई भलतीकडे जाऊ शकते. म्हणून हल्ली शक्य तिथे सोनोग्राफीवर बघत बघत सुई घालतात.

मानेच्या बाजूला, थोडे खोलवर स्केलीन स्नायू असतात. त्यातल्या दोघांच्या फटीतून हाताचे मज्जातंतू बाहेर पडतात. खांद्याच्या ऑपरेशनआधी भूल द्यायची ती बऱ्याचदा इथेच. पण काहींचे मज्जातंतू फटीतून न येता पुढच्या स्नायूच्या आरपार येतात. काहींच्या फटीजवळ स्केलीनस मिनिमस नावाचा आणखी एक छोटा स्नायू मुक्कामाला असतो. जागा फारच कमी पडली, तर हाताला मुंग्या येऊ शकतात. अर्थात, मुंग्यांची कारणं ढीगभर आहेत. गूगल करून स्वतःच निदान करू नका.

सगळ्यात भारी पाहुणा म्हणजे लिव्हेटर क्लॅव्हिक्युली. मानेच्या वरच्या मणक्यांपासून कॉलर बोनपर्यंत जाणारा हा स्नायू एप वानरांमध्ये नेहमीचा. माणसात तो क्वचितच सापडतो. सीटी स्कॅनवर तो दिसला आणि बघणाऱ्याला माहीत नसला, तर गाठ असल्याची शंका येऊ शकते.

हे होतं कसं? गर्भात मानेचे स्नायू सुटे सुटे तयार होत नाहीत. सामाईक गोळ्यांतून फुटून ते वेगळे होतात. आपली ती जाड दोरी आणि पाठीवरचा ट्रॅपेझियस हे तर सख्खे भाऊच. वाटणी करताना एखादा तुकडा जास्तीचा उरतो, एखादा होतच नाही.

एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला डिसेक्शन हॉलमध्ये पुस्तकातला स्नायू सापडला नाही की पहिला विचार येतो, ‘मेलो, मी कापून टाकला!’ मग सर वाकून बघतात आणि सांगतात, ‘अरे, यांना तो नव्हताच.’ पुस्तकातलं चित्र बहुतेकांचं असतं, समोरचा माणूस एकच असतो, हे तिथे कळतं. आणि ते शिकवून जातो देहदान केलेला कुणीतरी अनोळखी माणूस. उद्या तुमच्या मानेत सुई घालणारा डॉक्टर एक क्षण थांबून नीट बघेल, तर त्यात त्या माणसाचाही वाटा असेल.