साखरेच्या १८० ग्रॅमचा हिशेब

देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या रानात चैत्रात पहाटे मोह गळतो. फिकट पिवळी, मांसल फुलं. दाबली की बोटं चिकट होतात. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर. वाळवलेली फुलं बहुतेकदा दारूच्या भट्टीवर जातात, आणि रसायनशास्त्राच्या नजरेनं बघायचं तर तिथे निम्मी साखर हातची जाते. १८० ग्रॅम ग्लुकोज पुरतं आंबवलं, तरी अल्कोहोल मिळतं फार तर ९२ ग्रॅम. बाकीचे ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. आपल्या साखर कारखान्यांच्या इथेनॉललाही हाच हिशेब लागू आहे.

त्याच साखरेचं लॅक्टिक आम्ल केलं तर? एका ग्लुकोजपासून दोन लॅक्टिक आम्लं. कागदावर १८० ग्रॅमचे १८० ग्रॅम, एकही अणू वाया नाही. दही लावणारे जिवाणू असलंच काम करतात.

अडचण पुढे येते. आम्ल साचलं की जिवाणू मंदावतात, म्हणून टाकीत चुना घालतात. मग चुन्यात अडकलेलं आम्ल सोडवायला गंधकाम्ल ओतावं लागतं. शेवटी एक किलो लॅक्टिक आम्लामागे जवळपास किलोभर जिप्सम खाली बसतं. कच्चा माल शेतातला असला म्हणून प्रक्रिया हरित होत नाही. ती ठरते या ढिगाऱ्यावर. आम्ल सोसणारं यीस्ट किंवा विजेवर आम्ल वेगळं करणारे पडदे वापरून हा ढीग टाळता येतो, आणि संशोधनाचा खरा पैसा तिथेच लागायला हवा.

दुसरी वाट फ्रुक्टोजची. त्यातून पाण्याचे तीन रेणू काढले की एचएमएफ मिळतं, बाटल्यांच्या नव्या प्लॅस्टिकचा पाया. पण आम्लधर्मी पाण्यात ते टिकत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स ड्युमेसिक यांच्या गटानं पाण्यावर त्यात न मिसळणारं द्रावक ठेवून एचएमएफ तयार होताच वर ओढून घेतलं.

महाराष्ट्रात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये जेजुरीला जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला: साखरेपासून लॅक्टिक आम्ल, त्यापासून पीएलए नावाचं प्लॅस्टिक. हे फार मोलाचं पाऊल आहे. मात्र पीएलएचा कप उकिरड्यावर सहजी कुजत नाही. त्याला साधारण ६० अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. कारखाने वाढण्याआधीच महापालिकांनी त्याच्या वेगळ्या संकलनाची आणि कंपोस्टची सोय करावी.