चित्रपटाचाही सातबारा

चाकण-पिंपरीकडे जमीन घेणारा आधी सातबारा पाहतो. चित्रपटाचेही तसेच आहे, मंडळी! रिळांचा डबा ज्याच्या माळ्यावर, तो मालक ठरत नाही. १९५७ च्या कायद्याने पहिला हक्क निर्मात्याचा, त्याच्यामागे वारसांचा. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर लेखी करार व देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहायची राहिली, तर तो पाचच वर्षांचा धरतात. नोंदणी सक्तीची नाही. पण वादात ती पुरावा म्हणून कामी येते.

हा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. देहूच्या तुकोबांवरचा ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्याची मुदत केव्हाच सरली.

तेव्हा घरात कोणी चित्रपट काढला असेल, तर करारपत्रे, पावत्या व सेन्सॉरचा दाखला जमिनीच्या कागदांशेजारीच जपून ठेवा.