चव जिभेची कीं नाकाची?

दुपारचीं पानें वाढलेलीं असतात. घरांतील वृद्ध गृहस्थ आमटीचा पहिला भुरका घेतात आणि म्हणतात, "आज आमटीला चव नाहीं." वाढणारी सून मनांतल्या मनांत खट्टू होते; कारण डाळ तीच, गोडा मसाला तोच आणि मीठहि रोजच्याच मापाचें. पलीकडे मुलें तीच आमटी आवडीनें ओरपीत असतात. पुष्कळ घरांतून घडणारा हा प्रसंग लहानसा खरा. परंतु त्यांतून म्हातारपण तक्रारखोर ठरतें आणि स्वयंपाक करणारीच्या हाताला दोष लागतो. वस्तुतः दोघांचेंहि म्हणणें खरें असूं शकतें. तें कसें हें समजून घेण्यासाठीं 'चव' या शब्दाच्या पोटांत काय काय दडलेलें आहे, हें पाहिलें पाहिजे.

एक सोपा प्रयोग कोणालाहि घरीं करतां येण्याजोगा आहे. एकानें डोळे मिटून नाक घट्ट दाबून धरावें आणि दुसऱ्यानें त्याच्या जिभेवर वेलदोड्याची किंवा जायफळाची पूड मिसळलेली चिमूटभर पिठीसाखर ठेवावी. गोडी तात्काळ कळते. पण साखरेंत वेलदोडा आहे कीं जायफळ, हें कांहीं केल्या सांगतां येत नाहीं. मग नाक सोडून श्वास बाहेर टाकावा. क्षणार्धांत वेलदोडा जणूं तोंडांतच उमलतो. साखर होती तेथेंच आहे. बदललें एवढेंच कीं, हवेची वाट मोकळी झाली. ज्याला लोक जिभेची चव म्हणतात तिचा मोठा भाग नाक पुरवीत असतें, हें यावरून उघड होतें.

जीभ स्वतःच्या बळावर प्रामुख्यानें पांच रुचि ओळखते: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. ही पांचवी रुचि १९०८ सालीं तोक्यो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं कोंबू नांवाच्या समुद्रवनस्पतीच्या काढ्यावरून दाखवून दिली. पिकलेल्या टोमॅटोंत आणि मांसाच्या रश्शांत जो भरदारपणा जाणवतो, त्याचें कारण तीच. जिभेच्या टोकाला गोड, मागें कडू आणि कडांना आंबट असा जो नकाशा पाठ्यपुस्तकांतून छापला जात आला, तो मात्र खरा नव्हे. १९०१ सालीं जर्मन संशोधक डेव्हिड हेनिग यांना जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या तीक्ष्णतेंत किंचित् फरक आढळला होता. पुढें चित्रें काढणारांनीं त्या फरकाच्या भिंती उभ्या केल्या. पांचहि रुचि जिभेच्या सर्व ग्राहक भागांना कळतात.

येथें कोणी म्हणेल कीं, आयुर्वेदानें तर मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय असे सहा रस सांगितले आहेत. या नांवांत एक गंमत आहे. संस्कृतांतील कटु म्हणजे मराठींतील तिखट आणि संस्कृतांतील तिक्त म्हणजे मराठींतील कडू. भाषेच्या प्रवासांत दोन शब्दांनीं जणूं घरें बदललीं. तिखट हें शरीरशास्त्राच्या दृष्टीनें मात्र रुचींत मोडत नाहीं. ती दाहाची वेदना आहे. म्हणूनच मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला तर डोळाहि पोळतो, आणि डोळ्याला कांहीं जीभ नसते. सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली कीं जो ग्राहक जागा होतो, त्यालाच मिरचींतील कॅप्सेसिन चेतवितें. हें १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधून काढलें. त्या क्षेत्रांतील कार्याबद्दल ज्युलियस यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आवळा-सुपारीचा तुरटपणा हाहि बराचसा स्पर्शाचा, तोंड आवळून कोरडें पडल्याचा अनुभव आहे. प्राचीनांनीं अनुभवाची वांटणी केली, आधुनिकांनीं इंद्रियांची; दोहोंचे हेतु निराळे.

आतां नाकाकडे वळावें. नाकाला दोन दारें आहेत. पुढच्या दारानें बाहेरचा वास येतो: शेजारच्या घरांतील फोडणीचा, देवघरांतील उदबत्तीचा. मागचें दार घशांत उघडतें. घांस चावतांना त्यांतून सुटलेले सुगंधी कण उच्छ्वासाबरोबर या मागच्या वाटेनें वर चढतात आणि नाकाच्या छतापाशीं असलेल्या गंधग्राहक पेशींना जाऊन भिडतात. माणसाच्या ठायीं अशा ग्राहकांचे सुमारें ४०० प्रकार आहेत. त्यांच्यामागील जनुकांचें मोठें कुल लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं उजेडांत आणलें आणि २००४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. एक वास म्हणजे एक ग्राहक असा हिशेब नाहीं. थोड्या अक्षरांच्या जुळणीनें जसे असंख्य शब्द होतात, तसे ग्राहकांच्या जुळणीनें असंख्य वास ओळखूं येतात. पडशानें नाक चोंदलें म्हणजे हें मागचें दार बंद होतें आणि उत्तम पक्वान्नहि मातीमोल लागतें.

मग वास नाकांत आणि भास तोंडांत, असें कां व्हावें? याचें उत्तर मनाच्या व्यापारांत आहे. इंद्रियें केवळ संवेदनें पुरवितात. त्यांची जुळणी करून 'ही अमुक वस्तु' असा बोध घडविणें हें मेंदूचें काम. न्यायशास्त्रानें प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे जे दोन प्रकार मानले, त्यांच्या बराच जवळ जाणारा हा भेद आहे. जिभेला घांसाचा स्पर्श होत असतो, त्याच क्षणीं गंधहि येतो. मेंदू दोहोंची एकच मोट बांधतो आणि ती तोंडाच्या नांवावर लिहितो. या जुळणींत डोळेहि भाग घेतात. फ्रान्समधील बोर्दो येथें मद्यपरीक्षेच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या द्राक्षमद्यांत गंधहीन तांबडा रंग मिसळून दिला असतां त्यांनीं त्याच्या वासाचें वर्णन तांबड्या मद्याच्या शब्दांत केलें. हा प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. जाणत्यांचीं नाकेंहि डोळ्यांच्या साक्षीला अशीं फसलीं.

इतकें ऋण असूनहि नाकाची किंमत तें गेल्यावांचून कळत नाहीं. २०२० सालीं कोविडच्या साथींत असंख्य रुग्णांनीं "तोंडाची चव गेली" अशी तक्रार केली. कांहींची जीभ खरोखरच बधिर झाली होती. परंतु पुष्कळांना मीठ-साखर कळत होती आणि हरपला होता तो वास. साथीनें जें एकाएकीं केलें, तेंच वार्धक्य हळूहळू करतें. साठीनंतर घ्राणशक्ति बहुधा मंदावत जाते. जीभ त्या मानानें टिकून राहते. ऱ्हास इतका सावकाश होतो कीं, त्या माणसाला स्वतःचें नाक अधू झाल्याचें कळतच नाहीं. त्याला वाटतें, अन्नच बदललें. मग तो मीठ वाढवून घेतो, साखर वाढवून घेतो आणि रक्तदाबाला व मधुमेहाला बळ देतो. किंवा अन्नावरची वासनाच उडून तो रोडावतो. धोका आणखीहि आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्याचें नाक मंद, त्याला ही सूचना पोंचत नाहीं. नासलेलें दूधहि त्याला तोंडाला लावीपर्यंत उमगत नाहीं.

अशा माणसाच्या ताटांत मीठ न वाढवतां वास वाढवावा. अन्न गरम वाढलें म्हणजे त्यांतून वाफेबरोबर गंध अधिक सुटतो. आयत्या वेळीं दिलेली हिंग-जिऱ्याची फोडणी, वरून पिळलेलें लिंबू आणि ताजी कोथिंबीर यांचें काम चिमूटभर अधिक मिठाहून चांगलें. भाजलेल्या पापडाचा कुरकुरीतपणा स्पर्शाच्या वाटेनें गोडी आणतो. घांस सावकाश चावल्यानेंहि मागचें दार अधिक वेळ उघडें राहतें. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें थॉमस हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घ्राणशक्ति गमावलेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग यांचे वास दिवसांतून दोनदां, असे १२ आठवडे लक्षपूर्वक हुंगावयास लाविले. त्यांतील कांहींची शक्ति सुधारल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. वास एकाएकीं गेला असेल तर मात्र वैद्यकीय सल्ला घेण्यांत दिरंगाई करूं नये.

तेव्हां "आमटीला चव नाहीं" हे शब्द पुन्हां कानीं पडले, तर सुनेनें तो आपल्या हाताला लागलेला बोल समजूं नये आणि वृद्धानेंहि तिच्याकडे बोट दाखवूं नये. आमटी पातेल्यांत एकच असते. तिची चव मात्र ज्याच्या त्याच्या नाकांत, जिभेंत आणि मनांत निराळी शिजते.